कोकणातलं घर पावसाळ्यासाठी लावताना : तुमचे अनुभव लिहा

एप्रिल सरत आला की आपल्याकडे घरोघरी तीच धांदल. कौलं परतायची, लाकडं आत घ्यायची, गाद्यांना ऊन द्यायचं, कोकमाचं आगळ भरून ठेवायचं. हे सगळ्यांना पाठ आहे. पण ‘घर कसं लावावं’ म्हणून हल्ली जे वाचायला-बघायला मिळतं, ते असतं शहरातल्या दोन खोल्यांसाठी. जमिनीपासून छतापर्यंत बंद फर्निचर करा, भिंतीला घट्ट चिकटवा, सगळं दाराआड ढकला. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. जांभ्याची भिंत पाणी पिते आणि त्या कपाटातली चांगली साडी गणपतीला बाहेर काढावी तर घडीवर पांढरे ठिपके.

माझं म्हणणं इतकंच, की इथे आधी वारा कुठून खेळणार ते ठरवावं, सामान कुठे ठेवायचं ते नंतर.

आमचं घर गुहागरकडचं. आम्ही सगळी कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढली आणि खाली अर्धे चिरे देऊन उचलली. लाकडी कपाटाच्या दारांना सुताराकडून वर आणि खाली एकेक पट्टी कापून घेतली आणि तिथे पितळी जाळी बसवली. खालून हवा शिरते, वरून निघते. पूर्वी कपाटात साठ वॅटचा पिवळा दिवा लावून ठेवत, त्याच्या उबेने कपडे कोरडे राहत. एलईडीला ती ऊब नाही. म्हणून आता कळीचा चुना. मडकं अर्धंच भरायचं, कारण ओल पिऊन कळी फुलते आणि फुटून पीठ होते. तोंडाला फडकं बांधून कपाटाच्या तळाशी ठेवायचं. लहान मुलं असतील त्या घरात मात्र नको, चुना डोळ्यात गेला तर वाईट. आणि डांबरगोळ्या ओल शोषतात हा समज कुठून आला कोण जाणे. त्या किड्यांसाठी, ओलीशी त्यांचा काही संबंध नाही.

आता तुम्ही लिहा. फोटोत छान दिसणारं नको, वापरून टिकलेलं हवं.

देवगडची सून
आमच्याकडे भांडण कपडे वाळवण्यावरून. सासूबाईंचं म्हणणं, न्हाणीच्या चुलीवर दांडी आहे, तिथे घाला, वर्षानुवर्षं तिथेच सुकतात. सुकतात हे खरं, पण मुलांच्या गणवेशाला धुराचा वास येतो आणि शाळेत बाकीची मुलं नाकं मुरडतात. मागल्या दारी एक अरुंद खोली होती, तिच्यात नारळ, पेंढ आणि मोडकी सायकल असायची. ती रिकामी केली. वर छताजवळ आडव्या दोऱ्या बांधल्या, एका टोकाला उभा पंखा, समोरच्या भिंतीत वरच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा छोटा पंखा. तो बाहेर फेकणारा पंखा नसेल तर उपयोग शून्य, ओल खोलीतच फिरत राहते. आता वाटणी अशी: गोधड्या, पंचे आणि शेतातले कपडे दांडीवर, गणवेश आणि ऑफिसचे कपडे पंख्याखाली. सासूबाई अजून म्हणतात, विजेचं बिल कोण भरतं. वीज गेली की सगळ्यांचीच दांडी.

दुसरं म्हणजे पडवी. छत्र्या, रेनकोट, चिखलाच्या चपला घरात येऊच द्यायच्या नाहीत. झडीच्या, म्हणजे पाऊस अडवायला बांधलेल्या आडोशाच्या, आतल्या बाजूला बांबू आडवा बांधून त्याला खुंट्या मारल्या आणि खाली फरशीला थोडा उतार देऊन पाणी अंगणात काढलं. प्रत्येकाची खुंटी ठरलेली. पाहुण्यांची शेवटची.

निवृत्त मास्तर, चिपळूण
ताई, तुमची ओल वरून येते, आमच्याकडे पाणी दारातून चालत येतं. २००५ च्या जुलैमध्ये आलं आणि २२ जुलै २०२१ ला तर वाशिष्ठीने तळमजलेच्या तळमजले गिळले. तेव्हापासून आमच्या घराची मांडणी उंचीच्या हिशेबाने आहे.

तळमजल्यावर फक्त भिजलं तरी धुऊन वापरता येईल असं: स्टीलच्या मांडण्या, दगडी ओटा, प्लास्टिकच्या खुर्च्या. खाली ड्रॉवर एकही नाही. पाण्यात लाकूड फुगलं की ड्रॉवर उघडत नाही. शेजाऱ्यांच्या पलंगाचे खण चिखल उतरल्यावर पहारीने फोडावे लागले आणि आत त्यांच्या मुलीच्या शाळेची सगळी प्रमाणपत्रं होती. पलंग आता साधा, लोखंडी चौकटीचा. वायरिंग छतातून खाली उतरवलं, बटणं आणि प्लगपॉइंट छातीच्या वर. तळमजल्याची विजेची लाइन वेगळी केली, म्हणजे पाणी चढू लागलं की खालचं बंद करून वर दिवे चालू ठेवता येतात. इन्व्हर्टरची बॅटरी वर, जिन्याच्या चौकावर.

कागदांचं सांगतो. सातबारा आता ऑनलाइन निघतो, त्याची चिंता नाही. पण वडिलांच्या वेळचं खरेदीखत, वाटणीपत्र, जुने फेरफार यांची मूळ प्रत एकच असते. ती प्लास्टिकच्या पाकिटांत, पाकिटं खांद्याला लावायच्या एका पिशवीत, पिशवी माळ्याच्या पहिल्या खुंटीला. घरातल्या लहान नातवालाही ती माहीत आहे. स्कॅन करून मुलाकडे पुण्याला ठेवलंय ते वेगळं.

चाकरमानी (गाव राजापूर)
मास्तर, नमस्कार. पिशवीची कल्पना आजच उचलतो.

माझा प्रश्न बंद घराचा. गणपती झाले की कुलूप, ते शिमग्यालाच निघतं. गाद्यांना उंदीर लागतात म्हणून मोठ्या पत्र्याच्या पेट्या करून घेतल्या, पेट्या लाकडी पाटांवर. फ्रिज पुसून दार उघडंच ठेवायचं, मध्ये फडक्याची गुंडाळी. संडासाच्या भांड्यातलं पाणी आटलं की टाकीचा वास घरात येतो आणि त्या वाटेने झुरळंही. निघताना भांड्यात चमचा-दोन चमचे खोबरेल नाही, साधं कुठलंही खाद्यतेल ओतायचं. खोबरेल थंडीत थिजतं. पाण्यावर तवंग राहतो आणि पाणी लवकर उडत नाही.

सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट फुकटची आहे. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. त्यावर समया कुठे, गणपतीचा पाट कुठे, माटवीची (गणपतीच्या वर टांगतात त्या चौकटीची) दोरी आणि हुक कुठे, जेवणाची ताटं किती आणि कोणत्या पेटीत. खाली ‘मुंबईहून आणायचं’. जो शेवटी कुलूप लावील त्याने तो कागद दुरुस्त करून मगच निघायचं. यापूर्वी दर चतुर्थीला आदल्या रात्री बारा वाजता माळ्यावर तिघे भाऊ बॅटरी घेऊन आणि खाली तिन्ही वहिन्या सूचना देत, असा कार्यक्रम असे.

शेजारच्या काकींकडे किल्ली आहे. उघडीप असली की त्या खिडक्या उघडतात. हे कुठल्याही मशीनने होत नाही. काकींना दिवाळीला साडी, एवढंच.

मालवणी माणूस
आमच्या घरार कौलाच असत, पण माकडांनी हैराण केल्यानी. कौल फुटला की भर पावसात वर चढतलो कोण? माणसा गावनत नाय. म्हणान मागच्या पडवेर पत्रे घातलव. आवस अजून बोल लावता, दुपारी निजाक गावणा नाय म्हणता. ता खरा असा. पुढची पडवी कौलांचीच ठेवलेली असा, थंय ती निजता.

सुतारपक्षी, दापोली
भाऊ, पत्र्याखाली थेट झोपलात तर भाजणारच. पत्रा आणि खोली यांच्यात बांबूच्या तट्ट्यांचं आतलं छत द्या आणि दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत वर जाळीच्या खिडक्या ठेवा. मधली गरम हवा निघून जाते. मे महिन्यात पत्र्यावर झावळ्या टाकायच्या, पावसाआधी काढायच्या.

पत्र्याबद्दल आणखी एक. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्याला लागलं आणि आमच्या तालुक्यातही पत्रे पतंगासारखे गेले. वारा आधी पुढे आलेली वळचणच उचलतो. पाऊस अडवायला वळचण लांब हवी आणि वादळाला ती आखूड हवी, अशी पंचाईत. म्हणून मी घराचं छप्पर आणि पडवीचं छप्पर वेगळं करतो, एक पायरी खाली. पडवी गेली तरी घर राहतं. जुन्या घरांत हे आधीपासून आहेच, नव्या स्लॅबवरच्या शेडवाल्यांनी सोडून दिलंय.

आता फर्निचर. भुशाच्या दाबलेल्या पाट्यांचं, वरून चकचकीत कागद लावलेलं, ऑनलाइन मागवू नका. पहिल्या पावसात कडा फुगतात आणि बिजागरीचे स्क्रू धरत नाहीत. प्लाय घ्यायचाच तर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायचा, शिक्का बघून, आणि कापलेल्या कडा रंगाने बंद करून. पैसे असतील तर फणस किंवा साग, बात संपली. समुद्राजवळ बिजागऱ्या आणि नळ स्टेनलेसचे म्हणून देतात तेही गंजतात. ३०४ आणि ३१६ असे दोन प्रकार असतात, खाऱ्या वाऱ्याला दुसरा टिकतो, महाग पडतो. पितळेला डाग पडतात, पण ते गळून पडत नाही.

वाळवीसाठी वाशांना काजूच्या टरफलाचं तेल लावतो. हातमोजे घालूनच. कातडी भाजते, फोड येतात, माझ्या कामगाराच्या मनगटावर अजून वण आहे. जमिनीतून येणाऱ्या वाळवीला मात्र हे पुरत नाही, तिथे पायालगत औषध मारणाराच बोलवा.

धागा काढणारी
सुतारभाऊ, रंगाचंही सांगायचं राहिलं. जांभ्याच्या भिंतीला प्लास्टिक पेंट दिला की आतली ओल बाहेर येऊ शकत नाही आणि फुगे धरून पापुद्रे सुटतात. आमच्या शेजारी दर दोन वर्षांनी हाच सोहळा असतो. चुन्याचा हात द्यावा. कपड्याला लागतो, हे मान्य.

काकू, वेंगुर्ले
तुम्ही सगळे छपरावरच आहात, खाली स्वयंपाकघरात कोणी उतरेल का?

बेगमीची खोली मी उत्तरेकडची ठेवलीय, थंड असते. कुळीथ, तूरडाळ, तांदूळ, सांडगे-पापड कडक उन्हात घालायचे आणि पूर्ण निवल्यावरच डब्यात. ऊन-ऊन भरून झाकण लावलं की आतून घाम येतो आणि तिथूनच जाळं धरायला सुरुवात. डाळीला एरंडेलाचा हात. आगळ आणि खारवलेल्या कैऱ्या काचेत नाहीतर चिनीमातीच्या बरणीत. आंबट आणि मीठ एकत्र, धातूला खाऊन टाकतं. सुकी मासळी घरात नकोच, पडवीच्या टोकाला उंच टांगलेला घट्ट झाकणाचा डबा, आणि त्या डब्यात दुसरं काही कधीच नाही.

सुनेने सारखे पारदर्शक डबे आणले. दिसायला सुरेख. फक्त आमच्याकडे वर्षभराचं धान्य आणि ते डबे किलो-किलोचे. म्हणून मोठी साठवण पत्र्याच्या डब्यांत आत, आणि आठवड्यापुरतं तिच्या डब्यांत ओट्यापाशी. दोघी खूश. नवा माल नेहमी मागे लावायचा, जुना पुढे ओढायचा, नाहीतर मागचं तसंच राहून त्याला पोरकिडे होतात.

पाखाडीवाला, रत्नागिरी
दोन ओळी पाण्याबद्दल. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटरचं छप्पर आणि तीन हजार मिलिमीटर पाऊस, म्हणजे तीन लाख लिटर पागोळीतून वाहून जातात आणि मे महिन्यात आपण टँकरला फोन करतो. पन्हळ लावून एक तोंड विहिरीकडे वळवलंय. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, त्यात वर्षभराची धूळ आणि माकडांची घाण असते.

शिवाय लाकडांची रास घराच्या भिंतीला टेकवू नका. खाली जनावर, म्हणजे साप, बसतं. आमच्याकडे लाकडं मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपटात, जमिनीपासून हातभर वर.

नवी घरवाली, संगमेश्वर
सगळं टिपून घेतलं. कपाटं पुढे ओढणं या रविवारीच करते. एक अडचण आहे. आमचं माजघर भर दुपारीही काळोखं, दिवसभर दिवा जळतो. खिडकी पाडायची तर भिंत दीड हात जाड आणि घरचे तयार नाहीत. कोणी काही केलंय का?

सुतारपक्षी, दापोली
ताई, भिंत पाडू नका. काचेची कौलं मिळतात, मंगलोरी मापाचीच. चार-पाच बसवा, उत्तरेच्या उतारावर. दक्षिणेला बसवलीत तर भर उन्हाचा चट्टा जमिनीवर पडतो आणि खोली तापते. प्लास्टिकची स्वस्त असतात, पण उन्हाने पिवळी पडतात आणि तडकतात. कौलं परतणाऱ्याला आत्ताच गाठा, मे महिन्यात तो कोणालाच सापडत नाही.

काकू, वेंगुर्ले
आणि कौलांखाली माळा असेल तर आधी तो रिकामा करा गो, नाहीतर उजेड माळ्यावरच्या जुन्या पाळण्यावर पडेल.

नवी घरवाली, संगमेश्वर
काकू, माळा आहे! त्यावर पाळणा नाही, पण सासऱ्यांचे रेडिओ आहेत, एकही चालत नाही आणि एकही टाकू देत नाहीत. त्याचं काय करायचं ते कोणीतरी लिहा.