मदत हवी आहे : काळ्या तेजोमेघांची यादी तारांगण सॉफ्टवेअरमध्ये कामाची कशी करायची?

नमस्कार मंडळी,

बार्नर्ड आणि लिंड्स या खगोलशास्त्रज्ञांच्या काळ्या तेजोमेघांच्या याद्या स्टेलॅरियम किंवा कार्ट द्यू सिएल या तारांगण सॉफ्टवेअरमध्ये कोणी वापरतं का? दुर्बिणीपाशी उभं राहून खरोखर उपयोगी पडेल अशी मोजकी यादी मला करायची आहे. काम बरंच पुढे आलंय, पण काही ठिकाणी अडलंय. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना पुन्हा विचारत बसावं लागणार नाही.

माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याहून आत, टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला. तूर-हरभऱ्याच्या दिवसांत रोही (नीलगाय) आणि डुकरांपायी वावरात जागलीला जावंच लागतं. झटका मशीन असली तरी माणूस लागतोच. त्यामुळे अंधाऱ्या रात्रींची इकडे कमी नाही. गावातला हायमास्ट दिवा झाडांआड गेला की धुऱ्यावरून आकाशगंगा आणि तिला मधोमध चिरत गेलेला काळा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. माझ्याकडे १०×५० ची द्विनेत्री आणि ६ इंची डॉब्सोनियन दुर्बीण आहे, नाभीय अंतर १२०० मिमी. लॅपटॉप जुना आहे. वावरात मोबाईलला रेंज नाही, म्हणून जे काही करायचं ते इंटरनेटशिवाय चाललं पाहिजे.

तारकागुच्छ आणि दीर्घिका यांच्यासाठी मदत भरपूर मिळते. काळ्या तेजोमेघांबद्दल मात्र मराठीत फारसं कोणी लिहीत नाही, आणि मला तर आकाशातली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच वाटते. आकाशातली ही रिकामी भोकं नव्हेत. थंड वायू आणि धुळीचे हे ढग मागच्या ताऱ्यांचा प्रकाश अडवतात, आणि यांच्याच पोटात पुढे तारे जन्मतात. एडवर्ड एमर्सन बार्नर्ड यांनी आकाशगंगेचे फोटो काढून १९१९ मध्ये अशा १८२ जागांची यादी छापली. १९२३ मध्ये ते गेले. १९२७ मध्ये त्यांचा छायाचित्र-नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला आणि यादी ३४९ वर गेली. (क्रमांक ३७० पर्यंत जातात, मधले काही रिकामे आहेत.) घरच्या गरिबीमुळे लहानपणीच फोटो स्टुडिओत कामाला लागलेला हा माणूस. त्याच हाताने पुढे आकाशाचे असे फोटो काढले, याचं मला फार अप्रूप आहे. दुसरी यादी बेव्हर्ली लिंड्स यांची, १९६२ ची. पालोमार वेधशाळेच्या आकाश-सर्वेक्षणाच्या लाल आणि निळ्या प्लेटा तपासून त्यांनी सुमारे १८०० ढग नोंदवले आणि प्रत्येकाला १ ते ६ अशी अपारदर्शकतेची पायरी दिली. ६ म्हणजे सगळ्यात गडद.

आता अडचण सांगतो. स्टेलॅरियममध्ये एफ४ दाबून दूरस्थ वस्तूंच्या टॅबमध्ये बी (बार्नर्ड) आणि एलडीएन (लिंड्स) या दोन्ही याद्यांवर खूण केली, वस्तूंच्या प्रकारांत डार्क नेब्युलाही चालू केले. बार्नर्डची यादी एकटी असली की छान दिसते. लिंड्सची चालू केली की धनू-वृश्चिकाकडचा भाग खुणांनी इतका भरतो की काय बघावं तेच कळत नाही. मला फक्त ५ आणि ६ पायरीचे ढग हवेत. अपारदर्शकतेवर गाळणी लावायचा पर्याय मला तिथे दिसला नाही.

म्हणून मूळ यादी उतरवून कार्ट द्यू सिएलमध्ये स्वतःची यादी घालायचं ठरवलं. त्यासाठी कॅटजेन नावाचं साधन आहे, ते उघडून पाहिलं. पण लिंड्स यांच्या फाइलमधले विषुवांश आणि क्रांती (आकाशातली जागा सांगणारे दोन निर्देशांक) १९५० च्या आहेत, आणि बार्नर्ड यांची मूळ यादी तर १८७५ ची. परांचन (पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरल्याने निर्देशांक सरकणं) वर्षाला सुमारे ५०.३ विकला (१ अंश म्हणजे ३६०० विकला) धरलं तर १९५० ते २००० मध्ये ०.७ अंशाचा फरक पडतो आणि १८७५ पासून पावणेदोन अंशांचा. २५ मिमीच्या आयपीसने (डोळ्याशी लावायच्या भिंगाने) माझ्या दुर्बिणीत जेमतेम १ अंश आकाश दिसतं. एवढा फरक राहिला तर ढग दृष्टिक्षेत्राच्या बाहेरच जाणार. सगळ्या नोंदी २००० च्या करायचा सोपा मार्ग कोणता?

दुसरं असं की लिंड्स यांनी आकार चौरस अंशांत दिलाय आणि सॉफ्टवेअर मागतं व्यास, तोही कलांमध्ये (१ अंश म्हणजे ६० कला). तिसरं म्हणजे या वस्तूंना प्रत (तेजस्वितेचं माप) च नसते. मग सॉफ्टवेअरने कोणती आधी दाखवायची हे कशावरून ठरवायचं? पायरी ६ म्हणजे दिसायला सोपा, असं धरून चालेल का?

दिवाळीनंतरच्या अमावस्येला गावातली दहावीची काही पोरं वावरात येणार आहेत. त्यांना निदान चार-पाच ढग नीट दाखवता यावेत एवढीच इच्छा आहे.

प्रतिसाद

भाऊ, प्रश्न नीट मांडलात, त्यामुळे उत्तर द्यायला बरं वाटतंय.

सगळ्यात आधी, तुमच्या कामासाठी निर्देशांक बदलायची गरजच नाही. लिंड्सची यादी फक्त निवड करायला वापरा. स्ट्रासबर्गच्या खगोलीय माहिती केंद्राच्या व्हिझिएर या संकेतस्थळावर ती सातव्या विभागात ७ए क्रमांकाने आहे, बार्नर्डची २२०ए. तालुक्याला नेट मिळेल तेव्हा उतरवून घ्या. स्प्रेडशीटमध्ये अपारदर्शकता ५ आणि ६ एवढ्याच ओळी ठेवा, त्यातून तुमच्या ऋतूतले विषुवांश निवडा. उरलेले क्रमांक स्टेलॅरियममध्ये एफ३ ने शोधा आणि निरीक्षण यादीत टाकून जतन करा. स्टेलॅरियमकडे त्यांच्या जागा आधीच २००० च्या हिशेबाने आहेत. यादी एकदा लॅपटॉपवर आली की वावरात इंटरनेट लागत नाही.

तरीही कार्ट द्यू सिएलमध्ये घालायचीच असेल, तर व्हिझिएर उत्तर देताना २००० चे निर्देशांक स्वतः काढून जोडतं. त्या स्तंभांवर खूण करून फाइल घ्या, मूळ १९५० चे स्तंभ सोडून द्या. ओळींची मर्यादा मात्र आधी उठवा, कारण न बदलल्यास पहिल्या ५० च ओळी मिळतात.

व्यासाचं सूत्र सोपं आहे. क्षेत्रफळाला ३.१४ ने भागा, वर्गमूळ काढा, दुप्पट करा, ६० ने गुणा. म्हणजे ०.१ चौरस अंशाचा ढग सुमारे २१ कलांचा, ०.०१ चा सुमारे ७ कलांचा. पण हे वर्तुळ फक्त जागा सांगतं. बहुतेक ढग लांबट, फाटे फुटलेले असतात. धूम्रनळीसारखा जो मोठा ढग आहे, त्याची नळी बार्नर्डने ५९, ६५, ६६ आणि ६७ अशी तुकड्यांत मोजली आणि लिंड्सच्या यादीत ती एलडीएन १७७३ आहे. नळीच्या टोकाच्या पेल्याचा भाग बी ७८, म्हणजेच एलडीएन ४२. तेव्हा दोन्ही याद्या एकावर एक ठेवल्या तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. पोरांसाठी बार्नर्डची यादी पुरेशी आहे, ओरायनमधल्या एलडीएन १६२२ सारख्या मोजक्या नोंदी तेवढ्या लिंड्सकडून घ्या.

प्रतिसाद

पायरी ६ म्हणजे दिसायला सोपा, यावर मात्र विसंबू नका, दादा. मी नागपूरकडची, पण निरीक्षणाला पेंचच्या बाजूला जाते. (२०२४ च्या जानेवारीत पेंच भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं, तिथली गावं दिवे खाली झुकवून लावतात, हे आपल्या विदर्भात झालं याचा फार आनंद आहे.) अनुभव असा की ढगाच्या गडदपणाइतकीच मागची पार्श्वभूमी महत्त्वाची असते. धनू राशीतला बी ८६ जेमतेम पाच-सहा कलांचा आहे, पण मागे ताऱ्यांची दाटी आणि शेजारी एनजीसी ६५२० हा तारकागुच्छ, म्हणून तो शाई सांडल्यासारखा उठून दिसतो. उलट मृगातला बी ३३, सगळ्यांच्या ओळखीचं घोड्याचं डोकं, फोटोत जितकं ठळक तितकंच डोळ्यांना अवघड, कारण त्याच्यामागचा आयसी ४३४ हा तेजोमेघच फार फिकट आहे. ६ इंचीमध्ये पोरांना तो दाखवायला जाऊ नका, हिरमोड होईल. वृषभातले बरेच ढग गडद आहेत, पण मागे तारेच विरळ, मग काय झाकलं गेलं ते डोळ्याला कळणार कसं?

म्हणून निवडताना ढग आकाशगंगेच्या पट्ट्यात आहे का ते आधी बघा, पायरी नंतर. दिवाळीनंतर धनू रास अंधार पडेपर्यंत फार खाली गेलेली असते, तेव्हा बी ८६ आणि धूम्रनळी एप्रिल-मेच्या उत्तररात्रीसाठी ठेवा. तुमच्याकडे अक्षांश २० आहे, त्यामुळे धूम्रनळी मध्यमंडलावर (बरोबर दक्षिणेला, सगळ्यात उंच असताना) ४३-४४ अंश वर येते. ज्या देशांत या वस्तूंवर जास्त लिहिलं जातं, त्यांतल्या पुष्कळांना हे सुख नाही.

पोरांसाठी सुरुवात हंसापासून करा. त्यातल्या डेनेब ताऱ्याच्या दक्षिणेला आकाशगंगेत जो काळा खळगा आहे, तो दुर्बिणीशिवायच दाखवा. मग गरुडातल्या टॅराझेड ताऱ्याच्या पश्चिमेला द्विनेत्री न्या. बी १४२ आणि बी १४३ मिळून इंग्रजी ई अक्षरासारखा आकार दिसतो. तो मोठा आहे, म्हणून तुमच्या दुर्बिणीपेक्षा १०×५० मध्ये चांगला. त्यानंतर बी १६८, कोकून तेजोमेघाकडे जाणारी लांब काळी वाट. द्विनेत्री स्टँडवर बसवा, पोरांचे हात हलतात.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. निर्देशांक न बदलता फक्त क्रमांक वापरायचे, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. कालच पांढरकवड्याला जाऊन दोन्ही याद्या उतरवल्या आणि निरीक्षण यादी बनवली. ताई, तुमचं पार्श्वभूमीचं म्हणणं पटलं, वृषभातल्या नोंदी काढून टाकल्या. एक छोटा प्रश्न उरला. द्विनेत्रीत नेमकं किती आकाश दिसेल ते स्टेलॅरियममध्ये आधी बघता येतं का? म्हणजे ई अक्षर कसं बसेल ते पोरांना शाळेतच दाखवता येईल.

प्रतिसाद

येतं, भाऊ. स्टेलॅरियममधलं ऑक्युलर्स प्लगइन (दुर्बिणीतून दिसणारं आकाश दाखवणारी जोड) चालू करा. आयपीसच्या टॅबमध्ये नवीन नोंद करून द्विनेत्रीच्या चौकटीवर खूण करा. मग वर्धन १०, भिंगाचा व्यास ५० आणि दृष्टिक्षेत्र भरा. दृष्टिक्षेत्र बहुतेक द्विनेत्रींवर अंशांत कोरलेलं असतं, ६.५ च्या आसपास. टॅराझेड निवडून प्लगइनचं दृश्य उघडा. त्याच ठिकाणी तुमच्या डॉब्सोनियनचे १२०० मिमी आणि २५ मिमीचा आयपीस भरून दुसरं दृश्य ठेवा. दोन्ही एकापाठोपाठ दाखवले की हा ढग द्विनेत्रीनेच का बघायचा, ते पोरांना लगेच कळेल. आणि त्या रात्री लॅपटॉपवर रात्रीचा लाल रंग चालू ठेवा, नाहीतर पडद्याच्या उजेडाने सगळ्यांचे अंधाराला सरावलेले डोळे जातील.