कॅच कॅन: टर्बो पेट्रोलला औषध की नुसता ताईत?

झडप_सोळा (धागाकर्ता)

टर्बो पेट्रोलचा विषय निघाला की चौथ्या-पाचव्या प्रतिसादात कुणीतरी "कॅच कॅन लावून टाक" म्हणतंच. कॅच कॅन म्हणजे इंजिनातून परत हवेच्या वाटेत जाणाऱ्या वायूतलं तेल अडवायला पाइपवर बसवायचा डबा. माझं मत आधीच मांडतो: डायरेक्ट इंजेक्शनवाल्या टर्बोला कॅन हवा, पोर्ट इंजेक्शनवाल्याला बहुतेकदा नको.

पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून थोडा वायू खाली चेंबरमध्ये (क्रँक आणि तेल असतं त्या खालच्या भागात) उतरतोच, इंजिन नवंकोरं असलं तरी. त्यात न जळलेलं पेट्रोल, पाण्याची वाफ आणि तेलाचं धुकं असतं. आयडलला किंवा हलक्या पायाने चालताना मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळकांड्यात) व्हॅक्यूम असतो, तेव्हा हा वायू पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (चेंबरचा वायू सोडणाऱ्या झडपेतून) थेट मॅनिफोल्डमध्ये ओढला जातो. बूस्ट (टर्बोने दाबलेली हवा) आला की मॅनिफोल्डमध्ये उलटा दाब येतो, व्हॉल्व्ह मिटतो आणि वायू टॅपेट कव्हरच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) ब्रीदर नळीतून टर्बोच्या तोंडाशी जातो. पोर्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतं आणि ती धुतली जाते. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये, त्यामुळे व्हॉल्व्हवर बसलेलं तेल तिथेच भाजून कार्बन होतं. टाकीत कुठलंही अॅडिटिव्ह ओता, तिथवर पोचतच नाही.

आपल्याकडची उदाहरणं द्यायची तर फोक्सवॅगन-स्कोडाची १.० आणि १.५ टीएसआय, ह्युंदाई-किआचं १.० टर्बो जीडीआय, मारुतीचं बूस्टरजेट ही पहिल्या गटात. नेक्सॉनचं १.२ टर्बो पेट्रोल, मॅग्नाइट-कायगरचं १.० टर्बो दुसऱ्या गटात. या दुसऱ्या गटातल्या मंडळींनी पैसे टायरवर घालवावेत.

पाना_दहाबारा

असहमत. कंपनीने तेल वेगळं करायची सोय दिलेलीच असते: टॅपेट कव्हरमध्ये किंवा ब्लॉकवर बसवलेला सेपरेटर, आत वळणावळणाची वाट किंवा सायक्लोन, आणि पकडलेलं तेल परत चेंबरमध्ये सोडणारं भोक. तुम्ही त्याच्या पुढे आणखी एक डबा लावता आणि डब्यात साठलेला चहाच्या रंगाचा काला दाखवून म्हणता, "बघा किती घाण इंजिनात जात होती!"

त्या काल्यात काय असतं? कॅन असतो इंजिनपासून लांब आणि थंड. आत शिरलेली वाफ तिथे गार होते, पाणी होतं. पेट्रोलचंही तेच. हे दोन्ही एरवी सिलिंडरमध्ये जाऊन निमूट बाहेर पडले असते. म्हणजे डबा जितका गार तितका काला जास्त, आणि मालक तितका खूश.

तेलाचं धुकं कमी करायचंच असेल तर उगमाशी करा. तेल काडीवरच्या वरच्या खुणेच्या वर कधीही नको. जास्त भरलं तर क्रँक ते घुसळतो आणि धुकं वाढतं. दुसरं, तेल घेताना नोआक आकडा बघा: २५० अंशांवर तासाभरात तेल किती टक्के उडतं, त्याचं ते माप. आयलसॅक जीएफ-६ या तेलाच्या मानकात १५ टक्क्यांपर्यंत चालतं, एसीइए सी३ या मानकात १३ पर्यंतच. ८-९ वालीही तेलं मिळतात. डबा न लावता हा फरक पडतो.

झडप_सोळा

नोआकचा मुद्दा मान्य, तो मूळ लेखात यायला हवा होता. काल्याबद्दल मात्र अंदाज कशाला, तपासा की. काचेच्या बरणीत ओता आणि दिवसभर हलवू नका. पाणी खाली बसतं, तेल वर येतं. पेट्रोल तेलातच मिसळलेलं राहतं, ते वासाने कळतं. रोज तीन-चार किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत खालचा थर मोठा दिसेल, तिथे तुमचं म्हणणं बरोबर. मुंबई-पुणे-मुंबई करणाऱ्या गाडीत वरचा थर मोठा निघतो, आणि तो व्हॉल्व्हवर गेला असता. कंपनीचा सेपरेटर पुरेसा असता तर फोर्डने २०१७च्या ३.५ इकोबूस्ट इंजिनात डायरेक्टच्या जोडीला पोर्ट इंजेक्टर का घातले असते? टोयोटाच्या डी-४एस इंजेक्शन प्रणालीतही दोन्ही आहेतच.

पाना_दहाबारा

म्हणजे कंपन्यांनी उपाय शोधला तो इंजेक्टरचा. डब्याचा नाही. तुम्ही माझीच बाजू मांडताय.

घाटमाथा

दोघांच्या भांडणात मूळ प्रश्न राहिला: कॅन कुठल्या पाइपवर लावलाय?

हल्लीच्या बऱ्याच इंजिनांत पीसीव्ही सेपरेटरच्या आतच असतो आणि मॅनिफोल्डकडची वाट कास्टिंगमधूनच जाते. बाहेर दिसतो तो एकच पाइप, टॅपेट कव्हर किंवा सेपरेटरपासून टर्बोच्या इनलेटपर्यंत. बाजारातली बहुतेक "बोल्ट-ऑन" किट त्याच पाइपवर बसतात, कारण तो हाताला येतो. पण त्या वाटेने वायू जातो फक्त बूस्टमध्ये. सिग्नलला उभी गाडी, ४०-५० ने चालणारी गाडी, यांचा वायू आतल्या वाटेने थेट व्हॉल्व्हवर. तिथे कॅनचा काही संबंधच येत नाही. असा कॅन इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा गार करणारी जाळी) कोरडा ठेवतो, टर्बोच्या इनलेटवरची चिकट राड कमी करतो, आणि तेही उपयोगाचं आहे. पण व्हॉल्व्ह स्वच्छ राहावेत म्हणून तो लावला असेल तर तो ताईतच.

ओळखायचं कसं? इंजिन आयडलला ठेवून पाइप सोडा आणि त्याच्या तोंडावर अंगठा धरा. जोरात ओढला गेला आणि आयडल बिघडला तर ती व्हॅक्यूमची बाजू. जेमतेम जाणवलं तर ब्रीदरची.

साडेतीन_बार

घाटमाथ्यांना +१. व्हॅक्यूमच्या बाजूला लावणाऱ्यांसाठी बसवण्याचं सांगतो, कारण निम्म्या तक्रारी कॅनच्या नसतात, फिटिंगच्या असतात.

पीसीव्ही टॅपेट कव्हरवर आणि कॅन त्याच्या पुढे असेल, तर बूस्टमध्ये मॅनिफोल्डचा दाब उलटा येऊन कॅनमध्ये शिरतो. पीसीव्ही मिटतो तो कॅनच्या अलीकडे, म्हणून कॅन पूर्ण बूस्ट खातो. १ बारला झाकणाची ओ-रिंग किंवा बाजूची तेल दाखवणारी नळी गळायला लागते आणि पिकअप पडतो. त्यासाठी कॅन आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये वन-वे व्हॉल्व्ह, बाण मॅनिफोल्डकडे. माशांच्या टाकीचा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह अजिबात नको, बॉनेटखाली तो वितळतो.

बसवण्याआधी कॅनची भोकं बंद करून पंक्चरवाल्याच्या घमेल्यात बुडवा आणि सायकलच्या पंपाने हवा भरा. बुडबुडा दिसला तर परत करा.

पाइप: रेडिएटरचा किंवा हीटरचा काळा पाइप सहसा ईपीडीएम रबराचा असतो, तेलाने फुगतो आणि महिन्याभरात लोण्यासारखा होतो. साध्या सिलिकॉनमधून तेल पाझरतं. नायट्राइल रबर घ्या, किंवा आतून फ्लुओरो थर असलेलं सिलिकॉन. भिंत जाड हवी, नाहीतर व्हॅक्यूमने पाइप चपटा होतो. आतला व्यास मूळ पाइपइतका किंवा जास्त. १९ मिमीच्या ब्रीदरला १० मिमीची फिटिंग लावणं म्हणजे इंजिनाचं नाक दाबणं. वाटेत पाइपला झोळ पडू देऊ नका, त्या खोलगटात पाणी-तेल साचून वाट बुजते.

कॅनच्या आत आडव्या पट्ट्या आणि स्टीलची जाळी किंवा ब्राँझचा फिल्टर हवा. स्वस्तातले बरेचसे नुसते पोकळ डबे असतात, वायू एका तोंडाने येतो आणि दुसऱ्याने तसाच निघून जातो. मग लोक त्यात भांडी घासायची तारेची घासणी कोंबतात. तिचे तुकडे सुटतात आणि मॅनिफोल्डमधून सरळ सिलिंडरमध्ये जातात. त्यापेक्षा पोकळ डबा परवडला.

पाना_दहाबारा

हे सगळं वाचूनच माझं मत आणखी पक्कं झालं. एक पाइप होता. आता दोन पाइप, चार क्लिपा, एक व्हॉल्व्ह आणि एक झाकण. गळायच्या आठ जागा. त्या बदल्यात मिळतंय काय?

आणि डब्याच्या डोक्यावर छोटा शंकूसारखा फिल्टर बसवून वायू उघड्यावर सोडणाऱ्यांचं काय? रेसिंगमध्ये ते चालतं. एफआयए या मोटरस्पोर्ट संस्थेच्या अपेंडिक्स जे नियमांत उघड्या ब्रीदरला २,००० सीसीपर्यंत किमान २ लिटरचा आणि त्यावर ३ लिटरचा डबा सक्तीचा आहे, पण तो ट्रॅकवर तेल सांडू नये म्हणून. रस्त्यावरच्या गाडीची गोष्ट वेगळी. बीएस-६ च्या मंजुरीत चेंबरचा वायू हवेत सोडायची परवानगीच नाही, त्यासाठी टाइप ३ ही स्वतंत्र चाचणी आहे. पीयूसीत हे पकडलं जात नाही, कारण नळी सायलेन्सरमध्ये घालतात. म्हणून ते चालतं असं होत नाही. वर पेट्रोलचा वास एसीच्या वाटेने केबिनमध्ये.

साडेतीन_बार

उघड्या फिल्टरबद्दल शंभर टक्के सहमत. एक भर: ज्या गाडीत एअर मास सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) आहे तिथे ब्रीदरमधून न मोजलेली हवा आत येते, मिश्रण पातळ होतं आणि पी०१७१ हा बिघाडाचा कोड लागतो. नुसता मॅप सेन्सर (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा) असलेल्या गाडीत कोड लगेच लागत नाही, आयडल वर चढतो. त्यामुळे "माझ्या गाडीत काही झालं नाही" याला पुरावा म्हणू नका.

डिझेल_दादा

पेट्रोलवाल्यांचं चाललंय ते चालू द्या, पण डिझेलमध्ये कॅनची बाजू जास्त भक्कम आहे. दोन वाटांची भानगड नाही, सगळा वायू एकाच पाइपने टर्बोच्या आधी येतो. पुढे मॅनिफोल्डमध्ये ईजीआरची (जळका वायू परत आत सोडणाऱ्या सोयीची) काजळी आणि हे तेल एकत्र आलं की डांबर तयार. ऑस्ट्रेलियातले फोर-बाय-फोरवाले कॅन लावतात ते यासाठीच.

पण डिझेलच्या कॅनमध्ये कापडी एलिमेंट असतं आणि ते चोंदतं. इथे लोक गोत्यात येतात. टर्बोचं तेल चेंबरमध्ये परत येतं ते नुसत्या उताराने, ढकलायला पंप नाही. चेंबरमधला दाब वाढला की ते उतरत नाही, टर्बोच्या सीलमधून बाहेर पडतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर. मिस्त्री म्हणतो टर्बो गेला. नवा टर्बो बसतो, धूर तसाच. म्हणून एलिमेंट चोंदल्यावर आपोआप उघडणारा रिलीफ व्हॉल्व्ह असलेलाच कॅन घ्या, आणि एलिमेंट कंपनीने दिलेल्या मुदतीत बदला, ते धुऊन वापरू नका.

आणि बॅक कॉम्प्रेशन मारणाऱ्या (झिजलेल्या रिंगांतून चेंबरमध्ये जोरात वायू सोडणाऱ्या) इंजिनाला कॅन लावून काही होत नाही. तेलाचं झाकण आयडलला उघडून उलटं ठेवा. थडथड नाचलं तर रिंगांचं बघा.

झडप_सोळा

आणखी एक राहिलं. तेलाच्या धुक्याने इंधनाचा ऑक्टेन उतरतो आणि नॉकिंग वाढतं. छोट्या टर्बोत कमी आरपीएमला जोराने पाय दिल्यावर वेळेआधी पेट घेण्याचा जो प्रकार होतो, त्यातही तेलाचा थेंब दोषी आहे. हाही कॅनच्या बाजूचा मुद्दा.

पाना_दहाबारा

अर्धाच. त्यात दोषी मानला जातो तो मुख्यतः लायनरवरून आणि पिस्टनच्या फटीतून उडालेला थेंब. तो कॅन कसा पकडणार? त्यावर तेलवाल्यांनीच उपाय केला: कॅल्शियमचं प्रमाण उतरवून मॅग्नेशियम वाढवलं आणि त्यासाठी २०१८ साली एपीआय एसएन प्लस हा तेलाचा दर्जा आणि २०२० साली एसपी आला. तेलाच्या डब्यावर "एसपी" बघून तेल घ्या आणि पाचव्या गिअरमध्ये १,४०० आरपीएमला घाट चढवू नका. खाली गिअर टाका.

तसंच व्हॉल्व्हवरच्या कार्बनमध्ये गाइड सीलमधून उतरलेलं तेल आणि सिलिंडरमधून उलटा आलेला जळका वायूही असतो. कॅन कितीही भारी असला तरी तो हिस्सा बसतोच. कधी ना कधी मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलांचा मारा करावा लागणारच. कॅनने ते चार पैसे पुढे ढकलले जातात, वाचत नाहीत.

झडप_सोळा

पुढे ढकलणं यालाच मी फायदा म्हणतो. ६०,००० किमीला करायचं काम १,००,००० किमीला करावं लागलं तर गाडी तोवर बहुतेकांकडून विकली गेलेली असते!

नवीन_लायसन्स

माझी १.० डायरेक्ट इंजेक्शन, २२,००० किमी, वॉरंटी अजून दोन वर्षं. रोज १४ किमी शहरात, महिन्यातून एकदा कोल्हापूर. लावू का?

घाटमाथा

आधी अंगठ्याची चाचणी करा. व्हॅक्यूमची वाट आतूनच जात असेल तर विषय संपला, तुमच्या वापरात कॅन काही पकडणार नाही. बाहेरून जात असेल तरी वॉरंटी संपेपर्यंत थांबा. टर्बो किंवा सीलचा क्लेम करायची वेळ आली तर पहिलं बोट त्या डब्याकडे जाईल.

नंतर लावलात तर आधी आणि नंतर चेंबरचा दाब मोजा. ६ मिमीची पारदर्शक नळी, साधारण दीड मीटर, यूच्या आकारात फळीला बांधा आणि अर्धी पाण्याने भरा. एक टोक उघडं, दुसरं ऑइलच्या काडीच्या नळीला घट्ट. फळी पुरेशी उंच हवी, नाहीतर व्हॅक्यूमने पाणी इंजिनात ओढलं जाईल. आयडलला आणि उभ्या गाडीत २,५०० आरपीएमला दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक लिहून ठेवा. कॅन लावल्यावर व्हॅक्यूम दोन-तीन सेंटीमीटरहून जास्त उतरला तर पाइप किंवा फिल्टर अडतोय, काढून टाका.

पाना_दहाबारा

आणि पावसाळ्यात दर १,००० किमीला डबा रिकामा करा. ते तेल परत इंजिनात ओतू नका, गटारातही नको. गॅरेजच्या जळक्या तेलाच्या पिंपात टाका.