६०३ चं हँडल हातात आलं

बी-६०३: गुड मॉर्निंग ऑल. किचनच्या खिडकीचं हँडल आज माझ्या हातात आलं. दोन महिने सैलच होतं, फिरवलं की नुसतं गोल गोल, मी आपली दाबून दाबून लावत होते आणि आज फोडणी जरा जास्त झाली म्हणून घाईत उघडायला गेले तर मूठ माझ्याकडे आणि आतली दांडी खिडकीतच. खिडकी बंद, घरभर मिरचीचा ठसका. कुणाला चांगला खिडकीवाला माहितीये का

सी-४०४: ज्याने बसवल्या त्यालाच बोलवा ना ताई

बी-६०३: बोलावलं ना गेल्या आठवड्यात. आला, बघितलं, हातही लावला नाही, म्हणाला हे मॉडेल बंद झालं, आता पूर्ण पल्ला बदलावा लागेल, साडेआठ हजार. एका मुठीसाठी!!

ए-५०२: अगं बाई. तोपर्यंत पक्कड वापर. आमची बेडरूमची खिडकी मागच्या पावसाळ्यापासून पकडीनेच उघडतो. शेजारी खिळा ठोकून नाडीने टांगून ठेवलीय. पाहुणे विचारतात हे काय, मी सांगते चावी आहे

बी-३०४: 😂😂 काकू

बी-३०४: आमच्या हॉलच्या स्लायडिंगचं लॉक पण तुटलंय, दोन वर्षांत तिसरं. आम्ही भाड्याने आहोत, मालक म्हणतात सोसायटीला सांगा. सेक्रेटरी साहेब हे सोसायटी करते का

बी-२०१ सेक्रेटरी: नाही. गच्चीची गळती, कंपाउंड, बाहेरच्या भिंती, पाण्याची मेन लाईन वगैरे सोसायटीच्या खर्चाने होतं असं आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांच्या नियमांत आहे, बाकी ज्याचं त्याने. हँडल लॉक जाळी हे मेंबरचं. मालकाने द्यायचे की तुम्ही ते ॲग्रीमेंटमध्ये बघा, त्यात मी पडणार नाही. आणि खिडक्यांचा विषय निघालाच आहे तर, बी विंगमध्ये कोणीतरी वरून जाळी झटकतं ती सगळी धूळ खाली वाळत घातलेल्या पापडांवर येते.

सी-७०२: हँडल ऑनलाईन मिळतं की. मी मागवलं होतं फोटो बघून, सेम टू सेम दिसत होतं

बी-६०३: बसलं का मग?

सी-७०२: नाही 🙈 स्क्रूची भोकंच जुळेनात. परत पाठवलं, दुसरं मागवलं, त्याची दांडी आखूड निघाली. ते ड्रॉवरमध्ये आहे, हवंय का कुणाला

ए-१०१: नमस्कार. मी ३१ वर्षं टूलरूममध्ये काढली त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहितो, मोठं होईल, सांभाळून घ्या. ६०३, तुमची यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लॅस्टिकची, बाहेर उघडणारी खिडकी आहे ना. तिथे हँडल म्हणजे फक्त वर दिसणारी मूठ. मुठीच्या मागे एक चौकोनी दांडी असते तिला स्पिंडल म्हणतात, ती पल्ल्याच्या आतल्या गिअरमध्ये जाते, गिअर फिरला की पल्ल्याच्या कडेची लांब पट्टी वरखाली सरकते आणि तिच्यावरचे गट्टू चौकटीवरच्या खाचांत अडकतात. मूठ बहुतेक वेळा जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतकामाची असते, वर नुसता रंग. ते ठिसूळ काम आहे, वाकत नाही, एक दिवस मोडतं. दुकानदाराला रंग आणि आकार सांगू नका, तीन मापं सांगा. दोन स्क्रूंमधलं अंतर, केंद्रापासून केंद्रापर्यंत, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ४३ मिमी. दांडीची जाडी, बहुतेक ७ मिमी चौकोन. आणि मुठीची बैठक, म्हणजे पल्ल्याला टेकणारा भाग, तिच्या बाहेर दांडी किती येते ती लांबी, इथेच ७०२ साहेब फसले. आखूड असली तर गिअरमध्ये नीट शिरत नाही आणि आठ दिवसांत घसरायला लागते. लांब चालते, हॅक्सॉने कापता येते. आखूड लांब करता येत नाही. फोटोत हे काहीच दिसत नाही. मूठ सरळ आहे की एका बाजूला वाकडी तेही बघा, वाकडीमध्ये डावी उजवी असते.

सी-४०४: काका लेक्चर मस्त पण मॉडेल बंद झालं म्हणतोय ना तो

ए-१०१: मॉडेल मुठीच्या नक्षीचं बंद होतं. भोकांचं अंतर बंद होत नाही.

ए-५०२: आमच्या साताऱ्याच्या वाड्यात खिडक्यांना लाकडी अडसर होते आणि दाराला पितळी कडी कोयंडा. सासूबाईंच्या लग्नाच्या आधीपासूनचे. काही झालं नाही त्यांना.

सी-४०४: काकू तो कोयंडा आता इंस्टाग्रामवर अँटिक म्हणून पाच हजाराला विकतात, बघा विकायचा असेल तर

बी-६०३: काका मापं कशी घेऊ? स्क्रू तर कुठे दिसतच नाहीयेत

ए-१०१: तुटलेल्या मुठीची बैठक अजून पल्ल्यावर आहे ना, तिच्यावरचं प्लॅस्टिकचं टोपण बोटाने बाजूला फिरवा, नाही फिरलं तर नखाने खालून उचला. आत वर एक खाली एक असे स्क्रू असतील. आधी खिडकी उघडी करून घ्या. काकूंची पद्धत, पकडीने दांडी ९० अंश फिरवा की उघडेल. पल्ला उघडा ठेवूनच काम करायचं म्हणजे गिअर फिरतो की नाही ते अडकायची भीती न बाळगता बघता येतं. स्क्रू हाताच्या स्क्रू ड्रायव्हरनेच काढा, ड्रिल मशीन लावू नका, आतले आटे गेले तर मग खरंच खर्च आहे. आणि सहावा मजला आहे, बाहेर वाकायचं नाही, सगळं आतून होतं.

बी-६०३: ओके. लंच ब्रेकमध्ये करते

बी-६०३: निघालं!! ४३ च आहे काका. दांडी ७, लांबी ३५ च्या आसपास. बैठकीच्या मागे पांढरी पूड जमलीय सगळी आणि एक मेलेली मुंगी

ए-१०१: पांढरी पूड म्हणजे जस्ताचा गंज, वाफेने येतो, किचन आहे. आता नवीन आणायच्या आधी एक करा. पल्ला नुसता हाताने ओढून बंद करा, शेवटचा एक इंच सावकाश. खालचा कोपरा चौकटीला घासतोय का?

बी-६०३: हो थोडा. नेहमीच घासतो. मी उचलून लावते

ए-१०१: कशाने उचलता

बी-६०३: हँडलने 😶

ए-१०१: मग सापडलं. चौकटीवर जिथे तो गट्टू अडकतो तिथे बघा, खालच्या ओठावर चकचकीत घासल्याची रेघ असेल.

बी-६०३: आहे. नवीन चमच्यासारखी चमकतेय

ए-१०१: पल्ला उतरलाय. दोन महिने तुम्ही काचेसकट सगळा पल्ला त्या मुठीने उचलून खाचेत बसवताय. मूठ वळवायला केलेली असते, वजन उचलायला नाही. नवीन लावलंत तर तेही सहा महिन्यांत हातात येईल. बिजागरीकडे बघा, वर एक खाली एक स्टीलच्या सरकत्या पट्ट्या आहेत, त्यांचे स्क्रू हलतायत का

बी-६०३: वरच्या पट्टीचे दोन चक्क बोटाने फिरतायत

ए-१०१: यूपीव्हीसीच्या आत लोखंडी पट्टी घातलेली असते, स्क्रू तिच्यात घट्ट बसायला हवा. कमी लांबीचा मारला की नुसता प्लॅस्टिकमध्ये राहतो आणि वाऱ्याने पल्ला आपटून आपटून सैल होतो. तेच स्क्रू परत आवळून उपयोग नाही, थोडे लांब, पत्र्यात शिरणारे लावायचे. मी येऊन लावून देतो, पण पल्ला खालून धरायला दुसरं माणूस पाहिजे.

सी-७०२: म्हणजे माझं पण हेच असेल?? मी दोन हँडलं मागवली 🤦

ए-१०१: तुमच्याकडे हँडल गुन्हेगार नसणार बहुतेक. घासतं का ते बघा आधी.

बी-३०४: काका माझ्या स्लायडिंगला तर बिजागरी पण नाही

ए-१०१: पल्ला सरकवताना कशाला धरता?

बी-३०४: लॉकलाच, दुसरं धरायला आहेच काय

ए-१०१: दोन्ही हातांनी ओढावी लागत असेल. खालची चाकं जाम आहेत. ट्रॅकमध्ये माती, केस, कबुतराची पिसं, सगळं चिखल होऊन बसतं. आधी कोरडी माती जुन्या टूथब्रशने सोडवा, व्हॅक्यूम असेल तर ओढा, मग ओल्या फडक्याने पुसा. ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला पाणी जायला छोट्या फटी असतात त्या पण आतून काडीने मोकळ्या करा, नाहीतर पहिल्याच जोराच्या पावसात पाणी बाहेर जायच्या ऐवजी सोफ्याखाली येईल. खोबरेल तेल घालू नका, धूळ धरून डिंक होतो त्याचा. सिलिकॉनचा स्प्रे आणा. एवढं करून पल्ला एका बोटाने सरकला नाही तर चाकं बदला, लॉक त्यानंतर.

ए-५०२: खोबरेल तेल मीच सांगितलं होतं त्यांना मागच्या महिन्यात. सॉरी हं

बी-३०४: काकू तरीच 😄

बी-६०३: हँडल कुठे मिळेल काका

ए-१०१: रविवार पेठेत बोहरी आळी नाहीतर भवानी पेठेत टिंबर मार्केट. जुनी मूठ दांडीसकट खिशात घालून न्या, दुकानात मापून घ्या. आणि लहान मुलगी आहे ना तुमच्याकडे, तर चावीवालं घ्या, बंद केलं की मुठीतच लॉक होतं. चावी मात्र वरच्या फळीवर, खिडकीला लटकवू नका.

(दुसऱ्या दिवशी)

बी-६०३: मिळालं. चावीवालं, ३४० ला. दांडी ५ मिमी लांब होती, दुकानातल्या मुलाने तिथेच कापून दिली. साडेआठ हजार म्हणे

सी-४०४: आता त्या माणसाला फोटो पाठवा

बी-६०३: पाठवला. ब्लू टिक आलीय. उत्तर नाही

ए-१०१: रविवारी ११ ला येतो. नवीन मूठ लावताना पल्ला उघडा, गिअर उघड्या स्थितीत, आणि मूठही उघडी असते तशी आडवी. उलटी बसली तर बंदच होणार नाही. स्क्रू मूठ मोकळी फिरेल इतपतच आवळायचे. पल्ला धरायला कोण येतंय?

सी-७०२: मी येतो. माझी पण बघाल ना नंतर

ए-१०१: बघतो. ५०२ वहिनी, तुमचीही त्याच दिवशी करून टाकू, पकडीने ती दांडी गोल करून टाकली असणार तुम्ही.

ए-५०२: या की. चहा पोहे करते. पण आता सवय झालीय हो पकडीची

बी-२०१ सेक्रेटरी: काकू, लाल मुठीची आहे का ती पक्कड?

ए-५०२: हो, का?

बी-२०१ सेक्रेटरी: सोसायटीची आहे ती. मागच्या गणपतीत मंडपाच्या तारेला दिली होती. वर्षभर शोधतोय.