‘अस्थिर’ या एका शब्दावर किती भार टाकायचा?

निवृत्त रसायन शिक्षक, दांडिया बाजार, वडोदरा

नातीला धातूंचे जटिल आयन (मध्ये धातू आणि त्याभोवती इतर घटक जोडलेले विद्युतभारित कण) मराठीतून समजावताना गेल्या आठवड्यात मी ‘अस्थिर’ या शब्दापाशी अडलो. निकेलभोवती चार सायनाइड असलेला आयन अतिशय स्थिर आहे, म्हणजे समतोलात त्याचे सुटे होणे नगण्य असते. तरीही द्रावणात किरणोत्सारी कार्बनची खूण असलेले सायनाइड मिसळले, तर अर्ध्या मिनिटाच्या आसपास निम्मी अदलाबदल झालेली असते. उलट त्रिसंयुजी कोबाल्टभोवती सहा अमोनिया असलेला आयन आम्लात मोडायलाच हवा, पण तो कित्येक दिवस जसाच्या तसा राहतो. रसायनशास्त्रज्ञ हेन्री टाउबे यांनी १९५२ साली हा भेद ‘लेबाइल’ (घटक झटपट बदलणारा) आणि ‘इनर्ट’ (घटक फार हळू बदलणारा) या शब्दांनी स्पष्ट केला. ‘लेबाइल’साठी ‘अस्थिर’ म्हणताना माझ्या तोंडून मात्र “हा आयन स्थिर आहे, पण अस्थिर आहे” असे वाक्य गेले आणि नात हसू लागली.

पदार्थ शेवटी मोडणार का, हा एक प्रश्न आणि त्यातील घटक किती लवकर बदलतात, हा दुसरा. दुसऱ्यासाठी ‘चंचल’ हा शब्द रूढ करावा, असे माझे मत आहे. ‘लेबाइल’च्या लॅटिन मुळाचा अर्थ घसरणारा असा असल्याने ‘निसरडा’ अधिक जवळचा ठरेल, परंतु प्रयोगवहीत तो कोणी लिहील असे वाटत नाही.

भौतिकशास्त्राची अभ्यासक, फतेगंज

सर, मी सहमत नाही. ‘अस्थिर’ला आमच्याकडे नेमका अर्थ आहे: समतोलाला दिलेला लहानसा धक्का वाढत गेला, तर तो समतोल अस्थिर. हवामानातही तेच. वर ढकललेली कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंशांनी थंड होते. तरीही ती भोवतालच्या हवेपेक्षा उबदार राहिली, तर वर जातच राहते. बाष्पाने संपृक्त झाल्यावरच असे घडत असेल, तर त्या स्थितीला ‘सशर्त अस्थिर’ म्हणतात. म्हणजे विशेषण जोडून काम भागते. शिवाय या शब्दात घाई कधीच नव्हती. कार्बन-१४ चे अणुकेंद्र अस्थिर आहे आणि त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू मोडायला लागणारा काळ, ५७३० वर्षे आहे. बिस्मथ-२०९ तर २००३ पर्यंत स्थिरच मानले जात होते, कारण त्याचा अर्धायुकाल विश्वाच्या वयाच्या अब्जपटीहून अधिक आहे. म्हणून ‘शीघ्र अस्थिर’ आणि ‘मंद अस्थिर’ एवढे पुरे.

डॉक्टर, अलकापुरी

‘चंचल’ला माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. पक्षाघातानंतर काही रुग्णांना अनावर हसू किंवा रडू येते, आणि त्यालाही इंग्रजीत ‘लेबाइल’ हेच विशेषण लावतात. नातेवाइकांना “यांच्या भावना चंचल झाल्या आहेत” असे सांगितले, तर त्यांना तो स्वभावदोष वाटेल. रक्तदाब ‘लेबाइल’ असतो तेव्हा तो वरखाली होतो, मोडत नाही. रक्त गोठवणाऱ्या पाचव्या घटकालाही ‘लेबाइल’ म्हणत, पण तो साठवणीत नासतो म्हणून. इंग्रजीतच शब्द एक आणि अर्थ तीन असतील, तर मराठीत तोच गोंधळ नव्या नावाने कशाला आणायचा?

वाचक, रावपुरा

आपल्या शहराला परिभाषेचा प्रश्न नवा नाही. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये कलाभवन निघाले ते देशी भाषेतून तंत्रशिक्षण देण्यासाठी, आणि १९३१ चा ‘सयाजी शासन शब्दकल्पतरु’ कारभारातील शब्दांचे मराठी, गुजराती, हिंदी व इतर भाषांतील पर्याय एकत्र देतो. ‘अस्थिर’ या तिन्ही भाषांत सारखाच चालतो. माझी मुले गुजराती माध्यमात शिकली. घरी मराठीतून शिकवताना निदान हा शब्द तरी बदलावा लागला नाही. ही सोय मोडू नये.

निवृत्त रसायन शिक्षक

डॉक्टरांचे म्हणणे मला मान्य आहे. ‘चंचल’ रसायनापुरताच राहू द्या. विशेषणाचा तोडगा मात्र माझ्या पहिल्याच उदाहरणावर फसतो. निकेलचा तो आयन शीघ्र अस्थिर नाही आणि मंद अस्थिरही नाही. तो अस्थिरच नाही. तो स्थिर राहून घटक बदलतो, आणि या गुणाला ‘अस्थिर’च्या कुटुंबात जागाच नाही.

भौतिकशास्त्राची अभ्यासक

हे मान्य, सर. निकेलपुरते ‘शीघ्र अस्थिर’ मी मागे घेते. पण मग घडते ते सरळ सांगणारा ‘शीघ्रविनिमयी’ का नको?

निवृत्त रसायन शिक्षक

अर्थाने निर्दोष आहे. नातीला वाचून दाखवला, तेव्हा तिने वहीत ‘लेबाइल’ लिहिले.