एका दिवसात सात स्पॉट: असली कोकण सहल घ्यावी का?

सड्यावरचा_वारा
परवा रत्नागिरीतून गाइडवाली एक दिवसाची ट्रिप केली, माणशी १२०० जेवणासकट. थिबा पॅलेस, टिळक जन्मस्थान, पावस, उक्षीची कातळशिल्पं (सपाट खडकात कोरलेली जुनी चित्रं), मालगुंड, गणपतीपुळे आणि वेळ उरला तर जयगड (नाही उरला). उक्षीला पोचलो साडेबाराला. ऊन डोक्यावर, कातळ तव्यासारखा, आणि कातळात कोरलेला एवढा मोठा हत्ती निम्म्या बसला दिसलाच नाही. गाइड म्हणतोय "ती बघा सोंड", आम्ही आपलं हो हो. पंधरा मिनिटांत शिट्टी! आंबापोळीच्या दुकानात मात्र पाऊण तास, तिथे शिट्टी हरवली बहुतेक. माझं म्हणणं, असल्या ट्रिपा करूच नका, आपापलं जा.

आंबोळी_चटणी
गाडी आहे म्हणून "आपापलं जा" सुचतं हो. माझे बाबा ७४ चे, गुडघा गेलेला, ते एसटी बदलत पावसला जाणार का? अशाच ट्रिपेला गेले आणि नंतर आठवडाभर थिबा राजाच सांगत होते, की इंग्रजांनी १८८५ ला ब्रह्मदेशच्या गादीवरून काढून इकडे आणला, राजवाडा पुरा झाला १९१० ला आणि १९१६ ला राजा गेलासुद्धा, म्हणजे जेमतेम सहा वर्षं राहिला त्यात. एकटे गेले असते तर फोटो काढून परत.

खडपावरचा_खेकडा
गाइड सांगतात त्यातलं खरं किती तेही बघा. विजयदुर्गला आम्हाला छातीठोक सांगितलं, १८६८ च्या ग्रहणात हेलियम इथेच सापडला, हे ग्रहण बघणाऱ्या साहेबाचे चौथरे. अहो, त्या १८ ऑगस्टला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, आणि इंग्रज लॉकयरने सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची ती पिवळी रेघ ऑक्टोबरात इंग्लंडात बसून पाहिली, ग्रहणाशिवाय. मी हळूच म्हटलं तर सगळी बस माझ्याकडेच रागाने बघायला लागली 😀

वाडीतला
@सड्यावरचा_वारा, आपापलं येणारे आम्हीपण बघतो. चपला घालून शिल्पावरून चालत जातात आणि वर विचारतात शिल्प कुठंय. चर उठून दिसावेत म्हणून खडू फिरवणारेपण पाहिलेत. जांभ्या दगडात कोरलेलं ते, तिरप्या उन्हात सावली पडली तरच दिसतं, सकाळी लवकर नाहीतर पाच नंतर. साडेबाराला कोणी नेलं तर दिसणार काय? गाइड गावचाच घ्या, तुमच्या त्या शहरातल्या एजंटाला ऊन कुठून येतं तेही माहीत नसणार.

मालवणी_तिरफळ
ह्या बरा बोललास! सिंधुदुर्ग किल्ल्यार पण तसाच. होडी दर्या बघून सुटता, तुमचो टायम बघून न्हय. आणि किल्ल्यात गेल्यार महाराजांच्या हातापायाचे ठसे कोणी दाखवल्याशिवाय गावचे नाय.

सड्यावरचा_वारा
बरं बाबा, गाइडबद्दलचं मागे घेतो, साडेबाराबद्दलचं नाही. आणि आंबापोळीबद्दलचं तर अजिबात नाही. @वाडीतला, रविवारी सकाळी सातला उक्षीला आलो तर कोणी दाखवेल का? १२०० नाही देणार, पण चहा माझा.

वाडीतला
या. टोपी आणा, आणि चपला कातळाच्या बाहेर काढायच्या.