काही त्रास नाही, तरी इम्प्लांटचा एमआरआय कशाला?

राजारामपुरीकर: कॅन्सरमुळे स्तन काढल्यावर वहिनींना सिलिकॉन इम्प्लांट बसवलं, त्याला सहावं वर्ष लागलं. दुखत नाही, आकारही जसाच्या तसा. तरी डॉक्टर म्हणतात एमआरआय करून घ्या. माझ्या मते हा धंदा आहे. दुखलं तर बघू की!

शाहूपुरी_गल्ली: भावा, इथं "दुखलं तर बघू" चालत नाही. सलाईनचं इम्प्लांट फुटलं तर पाणी अंगात जिरतं, एक बाजू बसते, आरशात कळतं. सिलिकॉनचं कवच फाटलं तरी शरीरानं भोवती धरलेल्या आवरणात जेल तसंच राहतं. डॉक्टरांच्या हातालाही पुष्कळदा लागत नाही. अमेरिकेत औषधं-वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, एफडीएनं, २०२० मध्ये सांगितलंय, लक्षणं नसली तरी ५-६ वर्षांनी पहिली तपासणी, मग दर २-३ वर्षांनी.

तांबडापांढरा: अर्धंच सांगितलंत. एमआरआय किंवा सोनोग्राफी, असं आहे ते. आधी हीच एफडीए तिसऱ्या वर्षापासूनच एमआरआय करा म्हणत होती. शिवाय कवचाला पडलेली साधी घडीही कधी फाटल्यासारखी दिसते. मग पुन्हा भूल, पुन्हा ऑपरेशन. कॅन्सरमधून उठलेल्या बाईला हे सोपं आहे का?

सोनोरूमवाली: मी एका सेंटरला टेक्निशियन आहे. चांगलं इम्प्लांट सोनोग्राफीत आतून एकसारखं काळं दिसतं. फाटलं की आत आडव्या रेघा येतात, आणि जेल आवरणाबाहेर गेलं असेल तर तिथं नुसतं पांढरं धुकं. एमआरआयमध्ये सुटलेलं कवच जेलात शेवयांसारखं तरंगताना दिसतं. फक्त फाटलंय का बघायला कॉन्ट्रास्टचं इंजेक्शनही लागत नाही. मॅमोग्राफीवर मात्र भिस्त नको, आवरणाच्या आतली चीर तिला सहसा दिसत नाही.

तांबडापांढरा: मान्य. पण दिवसभर गरोदर बायकांच्या सोनोग्राफी करणारा हात इम्प्लांट कितीदा बघणार? आधी तेवढं विचारा.

राजारामपुरीकर: बरं, सोनोग्राफी करू. ती चांगली आली तरी एमआरआय गळ्यात मारणार असतील तर?

शाहूपुरी_गल्ली: शंका आली किंवा काही त्रास असला तरच एमआरआय. नाहीतर थेट पुढची तपासणी, २-३ वर्षांनी.

सोनोरूमवाली: आणि दादा, वहिनींना विचारलंत का? तपासणी त्यांची आहे. इम्प्लांटचं कार्डही घेऊन जा. कुठल्या कंपनीचं ते कळायला हवं. २०१० मध्ये फ्रान्सच्या पीआयपी कंपनीच्या इम्प्लांटमध्ये कारखान्यात वापरायचं सिलिकॉन सापडलं होतं. आणि आत अजून एक्स्पांडरच, म्हणजे इम्प्लांटच्या आधी कातडी ताणायला बसवतात ती तात्पुरती पिशवी असेल तर एमआरआयच्या आधी सांगाच, काहींमध्ये चुंबक असतो.

राजारामपुरीकर: कार्ड दादाच्या कपाटात असेल. वहिनींना आज विचारतो. धंदा आहे हे मत मात्र कायम.