जुन्या पद्मिनीच्या डिफरेन्शियलमधील ऑइल कसे तपासावे आणि कोणते भरावे?

प्रश्न (सातारा)

वडिलांनी १९८९ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आम्ही अजून नियमित वापरतो. गेल्या महिन्यापासून ताशी साठच्या पुढे वेग गेला की मागच्या बाजूने बारीक घोंघावल्यासारखा आवाज येतो आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलताच तो कमी होतो. इंजिन ऑइल मी वेळच्या वेळी बदलतो. डिफरेन्शियलचे (मागच्या चाकांना शक्ती पोहोचवणाऱ्या गिअरच्या पेटीचे) ऑइल मात्र शेवटचे कधी पाहिले गेले याची नोंद घरातल्या कोणत्याच वहीत नाही. एका गॅरेजमध्ये ‘वरून अर्धा लिटर टाकून देतो’ असे सांगण्यात आले, परंतु आत किती आहे हे न पाहता ऑइल टाकणे मला पटले नाही. पातळी कशी पाहावी, आणि गिअरबॉक्ससाठी घरी आणून ठेवलेले ऑइलच येथे चालेल का, हे कृपया सांगावे.

उत्तर (गिरगाव, मुंबई)

आपण थांबलात हे फार चांगले केलेत. मी बरीच वर्षे याच गाड्यांवर काम केले आहे आणि न पाहता टाकलेल्या ऑइलने ब्रेक निकामी झालेले पाहिले आहेत. ऑइल जास्त झाले की ते फेसाळते, सीलवर (ऑइल अडवणाऱ्या कड्यावर) दाब येतो आणि अ‍ॅक्सलमधून (चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या बाजूने) वाहत थेट ब्रेक ड्रममध्ये उतरते.

गाडी पाच-सहा किलोमीटर चालवून आणा, पूर्ण सपाटीवर उभी करा आणि ऑइल खाली बसण्यासाठी दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्या. फक्त मागची बाजू जॅकवर उचलली तर गाडी पुढे कलते आणि पातळी चुकीची दिसते, म्हणून शक्य असेल तर खड्ड्याची सोय असलेल्या गॅरेजमध्येच हे काम करावे. हौजिंगवरील (डिफरेन्शियलच्या बाहेरच्या कवचावरील) भरण्याच्या प्लगभोवतीची माती तारेच्या ब्रशने आणि रॉकेलने स्वच्छ करा, नाहीतर तीच माती आत जाईल. एक गोष्ट कटाक्षाने पाळा: ऑइल बदलायचे असले तरी भरण्याचा प्लग आधी सोडवून पाहावा आणि मगच खालच्या निचऱ्याच्या प्लगला पाना लावावा. वरचा प्लग गंजून बसला असेल आणि खालचे ऑइल सांडून गेले असेल, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही.

प्लग निघाला की करंगळी आत घालून खाली वाकवा. ऑइल भोकाच्या खालच्या काठाला लागले पाहिजे. कमी असल्यास पिचकारीने हळूहळू भरावे आणि काठावरून ओघळू लागले की थांबावे; ओघळणे बंद झाल्यावर प्लग लावावा.

ऑइल ८०डब्ल्यू-९० किंवा एसएई ९० या जाडीचे, जीएल-५ दर्जाचे (डब्यावर छापलेला गिअर ऑइलचा दर्जा) घ्यावे. या अ‍ॅक्सलमध्ये हायपॉइड दाते असतात, म्हणजे पिनियन (लहान दातेरी चाक) क्राउनच्या (मोठ्या दातेरी चाकाच्या) मध्यरेषेच्या खाली बसलेले असते आणि दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत तर घासत सरकतात. तो दाब सहन करण्यासाठी ऑइलमध्ये गंधकयुक्त रसायने असतात. डबा उघडताच येणारा उग्र वास त्यांचाच. अनेक जुन्या गिअरबॉक्समध्ये पितळी रिंगा असतात आणि तेथे जीएल-४ सांगितलेले असते, त्यामुळे घरातल्या डब्यावरचा दर्जा वाचल्याखेरीज ते ऑइल इकडे किंवा हे तिकडे वापरू नये.

उत्तर (कलिना, मुंबई)

वरील माहितीत एका अनुभवाची भर घालतो. २६ जुलै २००५ च्या पावसात माझी पद्मिनी मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत पाण्यात होती. चालून तापलेले हौजिंग थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हौजिंगवरील हवेच्या छिद्रातून) किंवा जुन्या सीलमधून पाणी ओढले जाते. पुढे प्लग उघडला तेव्हा बोटाला दुधाळ चहाच्या रंगाचे ऑइल लागले. असे दिसल्यास वरून भर घालून उपयोग नाही. सगळे काढूनच नवे भरावे लागते. बोटावरचे ऑइल उन्हात धरून पाहा. काजळासारखा बारीक राखाडी थर वयोमानाने येतो, परंतु चमकणारे कपचे दिसले तर क्राउन-पिनियन उघडून पाहण्यावाचून गत्यंतर नाही. ब्रीदरचे तोंड चिखलाने बुजलेले नाही ना, हेही पाहावे, कारण ते बंद असेल तर नवे सीलही गळू लागते.

प्रश्नकर्ता (सातारा)

आपणा दोघांचा मनापासून आभारी आहे. आज प्लग उघडला. करंगळीचे पहिले पेर वाकवूनही ऑइल लागले नाही. तार घालून पाहिल्यावर पातळी दीड-दोन बोटे खाली आढळली. रंग काळपट आहे, पण कपचे किंवा दुधाळपणा नाही. उजव्या चाकाच्या ड्रमच्या मागे मात्र ओली धूळ चिकटलेली होती आणि तिला गिअर ऑइलचाच वास येत होता, म्हणजे ते त्याच बाजूच्या अ‍ॅक्सल सीलमधून जात असावे.

उत्तर (गिरगाव, मुंबई)

मग आधी तो ड्रम उघडा. ब्रेक शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे भाग) ऑइलने भिजले असतील तर ते पुसून परत बसवू नका. दोन्ही बाजूंचे नवे घाला, अन्यथा ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढेल. सील बदलताना त्याचा ओठ अ‍ॅक्सलवर जिथे टेकतो तेथे नखाने चाचपून पाहा. खाच लागली तर नवे सीलही टिकणार नाही. नवे ऑइल भरल्यावर आवाज कमी होईलही, परंतु दाते झिजले असतील तर तो पूर्ण जाणार नाही. पाचशे किलोमीटरनंतर पातळी पुन्हा पाहून येथे कळवावे.